याडीच्या कापसातलं बूच

फिरणारी वस्तू बाहेर ओढली जाते की आत, या एका प्रश्नावरून बारावीच्या वर्षी मी फिजिक्सच्या सरांशी जेवढी भांडले, तेवढी पुढे नवऱ्याशीसुद्धा भांडले नाही. नवरा हे वाचून म्हणेल, साफ खोटं आहे. म्हणू दे. त्याला तरी एरवी बोलायला कुठे मिळतं!

आम्ही दारव्ह्याचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या कारकुनी. आजोबा कचेरीत, बाबा कचेरीत, काका कचेरीत, आणि शेती म्हणाल तर अंगणातली तुळस. अशा घरात पोरं चालायला लागायच्या आधी हरकत घ्यायला शिकतात. त्यात माझा राग नाकावर. आई म्हणायची, "हिच्यासोबत सासरी एक वकील पाठवावा लागेल. त्यांच्या बाजूनं."

ती कापसाची वाईट वर्षं होती. गावात कोणाकडेही जा, चहाच्या आधी कापूस निघायचा. भाव काय, अळी कुठवर आली, मोर्चा कधी, रस्ता कुठे अडवला म्हणून एसटी कुठून वळवली. आमच्या घरी कापसाचं एक बोंड पिकत नव्हतं, तरी बाबा जेवताना कपाळाला हात लावून बसायचे. आणि आमच्या कॉलेजच्या मागच्या भिंतीला लागूनच कापूस खरेदीचं केंद्र. हंगामात बंड्यांची रांग केंद्राच्या फाटकातून निघायची आणि भिंतीला वळसा घालून पार रस्त्यावर जायची. बंडी म्हणजे बैलगाडी. आमच्याकडे बैलगाडी फक्त शाळेच्या धड्यात असते. हवेत सदा कापसाचे तंतू उडत. लॅबमधल्या तराजूवर रोज सकाळी त्यांचा थर बसलेला असायचा, त्यामुळे आमच्या प्रॅक्टिकलमध्ये जगातली प्रत्येक वस्तू खऱ्यापेक्षा थोडी जड भरायची.

आमचे प्राचार्य हळव्या मनाचे. इतके दिवस कापूस उत्पादकांसाठी आपण काय केलं, असा त्यांना एका सकाळी प्रश्न पडला आणि त्यांनी हुकूम काढला: या आवारात नायलॉन दिसता कामा नये. जे काही असेल ते सुती. झालं! व्हॉलीबॉलची जाळी सुताची विणून घेतली. ती आठवड्याभरात एवढी लोंबली की पोट्टे चेंडू सोडून जाळीवरूनच उड्या मारायला लागले. पाहुण्यांना फुलांचे हार बंद, त्याऐवजी बोंडांच्या माळा. एका पाहुण्यांच्या गळ्यातल्या माळेतून अळी निघाली आणि संथपणे त्यांच्या कॉलरवर चढली. ते भाषण फार थोडक्यात आटोपलं. पण प्राचार्य हटले नाहीत.

त्या हुकुमाचा दणका फिजिक्सच्या लॅबलाही बसला, आणि इथून माझी गोष्ट सुरू होते.

अभिकेंद्री बलाचा प्रयोग असतो. सर त्याला सेंट्रिपेटल म्हणत. हाताच्या मुठीत धरायची एक काचेची नळी. नळीतून एक दोरी आरपार. दोरीच्या वरच्या टोकाला रबरी बूच, खालच्या टोकाला लोखंडी वॉशर लटकवलेले. नळी डोक्यावर धरायची आणि बूच गरगर फिरवायचं. बूच जोरात फिरलं की खालचे वॉशर वर सरकायला बघतात, हळू फिरलं की खाली येतात. ते एका जागी टिकून राहतील अशा वेगानं फिरवायचं. वॉशरांचं वजन म्हणजे बूच आत ओढून धरणारं बल. एवढाच प्रयोग. पण दोरी नायलॉनची लागते. आमच्याकडची नायलॉनची दोरी प्राचार्यांनी स्वतःच्या हातानं कचऱ्यात टाकली होती, आणि तिच्या जागी दिली होती सुताची. अस्सल यवतमाळ जिल्ह्याच्या कापसाची, असं त्यांनी वर्गात येऊन सांगितलंही होतं.

आमचे सर यवतमाळहून एसटीनं येत. नवीनच लागलेले, तात्पुरते, बारीक अंगाचे, आणि स्वभावानं इतके गरीब की खडू मोडला तरी खडूला 'सॉरी' म्हणतील. त्यांनी फळ्यावर गोल काढला, गोलावर बूच काढलं आणि बाण काढला आतल्या दिशेनं.

मी हात वर केला. "सर, बाण उलटा आहे."

"उलटा नाही. बल केंद्राकडे असतं."

"सर, मी आत्ता फिरवून पाहिलं. हात बाहेर ओढला जातो."

"तो तुझा हात. मी बुचाबद्दल बोलतोय."

"बूच बाहेर ओढतं म्हणूनच हात ओढला जातो ना!"

"बूच बाहेर जात नाही. त्याला सरळ जायचं असतं. दोरी त्याला आत ओढते, म्हणून ते वळतं."

"त्याला कुठं जायचं असतं हे तुम्हाला कसं कळलं, सर? त्यानं सांगितलं?"

वर्ग खिदळला. सरांचे कान लाल झाले. त्या दिवसापासून जर्नलमध्ये 'बलाची दिशा' या रकान्यात मी 'बाहेर' असं लिहायची, सर ते खोडून 'आत' करायचे, आणि मी ते पुन्हा खोडायची. कागदाला भोक पडलं. मला बाजू पटली नाही तर मी ब्रह्मदेवाच्या बापाला सोडत नाही, आणि हे सर तर तात्पुरते होते.

शेवटी एका दुपारी सरांनी हात टेकले. म्हणजे टेकले नाहीत, उचलले. "आज मीच फिरवतो, जोरात फिरवतो, आणि तू नीट बघ," असं म्हणून ते लॅबच्या कोपऱ्यात गेले. तिथे जमिनीवर त्यांनी खडूनं एक फुली काढून ठेवली होती. प्रयोग करणाऱ्यानं फुलीवर उभं राहायचं, बाकीच्यांनी लांब. लॅब वरच्या मजल्यावर, केंद्राच्या बाजूला मोठी खिडकी, आणि उकाडा होता म्हणून खिडकी सताड उघडी. सरांनी बाह्या सारल्या आणि बूच फिरवायला सुरुवात केली. चिडलेला गरीब माणूस फार जोरात फिरवतो, हे मला तेव्हा कळलं. दोरीचा आवाज यायला लागला. सर ओरडले, "कुठे ओढतंय? सांग! कुठे ओढतंय?"

आणि दोरी तुटली.

टप्पकन् वॉशर सरांच्या पायावर आले, आणि बूच गायब. आम्ही टेबलाखाली पाहिलं, बाकांखाली पाहिलं. कॉलेजात तेवढं एकच बूच होतं. सर एका पायावर उभे राहून म्हणाले, "खिडकीतून गेलं असेल का गं?" मी खिडकीशी धावले आणि वाकून खाली पाहिलं.

खाली, फाटकाच्या उजवीकडे कडुलिंबाशेजारी उन्हात, रांगेतली पहिली बंडी उभी होती. कापसानं शिगोशीग भरलेली, आणि त्या कापसावर याडी बसलेली. बंजाऱ्यांच्या तांड्यावर आईला याडी म्हणतात. ही जवळच्या तांड्यावरची. तीन दिवसांपासून रांगेत होती, बंडीवरच झोपत होती, आणि एवढ्यात रांगेतले सगळेच तिला याडी म्हणायला लागले होते. तिच्या ओढणीला आरशाचे तुकडे लावलेले. ती मान हलवून कोणाला शिव्या देत असली की आमच्या लॅबच्या छतावर कवडसे नाचायचे. कवडसे जोरात नाचायला लागले की आम्ही समजायचो, खाली कोणीतरी रांगेत घुसायचा प्रयत्न करून राह्यला.

आज तिचा नंबर लागला होता. आणि आज लागणं फार गरजेचं होतं, कारण सकाळीच पाटी लागली होती: केंद्रात जागा उरली नाही, संध्याकाळपासून खरेदी बंद, पुढची तारीख नंतर कळवू. म्हणजे ज्याची बंडी आज काट्यावर गेली तो सुटला. ज्याची राहिली त्यानं भरलेली बंडी तशीच घरी न्यायची आणि 'नंतर'ची वाट बघायची.

ग्रेडर साहेब तिच्या बंडीशी उभे होते. हे साहेब कापसाची प्रत ठरवायचे आणि त्यांना कापसाची ॲलर्जी होती. दर वाक्याला शिंक. त्यांनी बंडीत कोपरापर्यंत हात घातला, आतून मूठभर कापूस काढला, उजेडात धरला. पुन्हा हात घातला. आणि बाहेर काढला तेव्हा त्यांच्या मुठीत आमचं बूच होतं.

"बाप रे," सर माझ्या मागून म्हणाले.

साहेबांनी बूच वर धरलं. सगळी रांग बघायला लागली. "हे काय हाय?"

याडीनं वाकून पाहिलं. "मले काय मालूम! तुमच्याच हातात हाय."

"कापसातून निघालं."

"पऱ्हाटीले असं फळ लागत नसते, साहेब."

"भेसळ!" साहेब शिंकले. "नियम हाय. कापसात कापसाशिवाय काही निघालं, की बंडी बाहेर. रांगेच्या शेवटी जा."

"शेवटी? आज बंद होऊन राह्यलं अन् मी शेवटी जाऊ? येवढ्याशा बुचानं किती वजन वाढलं बाप्पा? मले वजनच वाढवाचं असतं तं मी बैल नसता घुसवला आतमंदी?"

तिच्या मागच्या बंडीवर एक पांढऱ्या टोपीतले भाऊ बसले होते. याडी गेली की पुढचा नंबर त्यांचा. ते अगदी दुःखी चेहरा करून म्हणाले, "साहेब बरोबर सांगून राह्यले, याडी. नियम म्हंजे नियम. काढा बंडी." आणि त्यांनी लगेच आपल्या बैलांचा कासरा हातात घेतला.

माझा पारा असा चढला म्हणता! मी सरांचा हात धरला आणि जिना उतरले. सर एका पायानं लंगडत, "अगं, पण मी तात्पुरता आहे, अगं, प्राचार्यांना कळलं तर," असं काहीतरी म्हणत होते. मी ऐकलं नाही.

राग आला की माझी कचेरीतली मराठी गळून पडते. "साहेब, ते बूच आमचं हाय! लॅबमधून उडून आलं. तिच्यावर कायले आळ घेता?"

साहेबांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं, मग सरांना. "तुमचं?"

"हो," सर म्हणाले. "म्हणजे, महाविद्यालयाचं."

"उडून आलं?"

"अभिकेंद्री बल नाहीसं झाल्यामुळे," सर म्हणाले. असं बोलून कोणाची सुटका झाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

टोपीवाले भाऊ म्हणाले, "साहेब, हे सगळे मिळालेले हायेत." साहेबांनाही ते पटलेलं दिसलं. पण माणूस नियमाचा. म्हणाले, "कुठून उडालं, ते मले दाखवा. मोका पाहिल्याशिवाय मी कागद करत नाही." आणि आम्ही तिघे वर निघालो. याडी मात्र बंडी सोडून हलली नाही. "मी उतरली तं हा टोपीवाला माह्या जागेवर येते," ती म्हणाली, आणि तिचं बरोबर होतं.

लॅबमध्ये साहेबांनी सरांना विचारलं, "कुठं उभे होते?" सरांनी फुली दाखवली. साहेब फुलीवर जाऊन उभे राहिले. पाय जुळवून, एखाद्या पंचनाम्याला उभे राहावं तसे. खिडकीतून बाहेर पाहिलं.

"काटा दिसते," ते म्हणाले. "चहाची टपरी दिसते. याडीची बंडी कुठं हाय?"

मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. खरंच की! फुलीवरून कडुलिंबाची बाजू दिसतच नव्हती. मधे भिंत येत होती.

"म्हंजे तुमच्या सरायले बंडी दिसत नव्हती, अन् बुचाले दिसली?" साहेब हसले आणि त्या आनंदात त्यांना शिंका यायच्या राहून गेल्या. "चला. बंडी शेवटी."

खाली टोपीवाल्यांनी बैल पुढे घेतलेले ऐकू आले. याडीचा आवाज आला, "एक पाऊल पुढं टाकशील तं पाह्य!" छतावर कवडसे थयथयाट करायला लागले. मी त्यांच्याकडे बघत राहिले. कवडसे सरांच्या फुलीवर नव्हते, फुलीच्या डाव्या बाजूला छतावर नाचत होते. म्हणजे तिचा उजेड खिडकीतून तिथवर येत होता. आणि जिथून तिचा उजेड येतो, तिथून ती दिसणारच की!

"साहेब, थांबा जरा!" मी ओरडले. "बूच काय सरांच्या पोटात होतं का? दोरीच्या टोकाला होतं! तिकडं उभे राहा. इकडं या, डावीकडं. दोरी येवढी लांब होती. हां, आता पाहा बरं."

साहेब नाखुशीनं सरकले, आणि डोळ्यांवर हात घेऊन मागे झाले. याडीच्या ओढणीवरचा आरसा थेट त्यांच्या डोळ्यांत चमकला होता.

"दिसली ना?"

"दिसली," साहेब म्हणाले. पण साहेब कच्चे नव्हते. "पण पोरी, बूच इथं होतं तं इथून तिकडं कायले जाईल? सर तिकडं उभे. बूच इकडं. दोरी तुटली तं बूच सरांपासून लांब फेकल्या जाईल. असं, इकडं, सरळ बाहेरच्या बाजूनं. हे समजाले काही कॉलेज लागत नाही."

त्यांनी हात केला त्या दिशेला, डाव्या भिंतीशी, लॅबचं कपाट होतं. काचेच्या दारांचं. आत सगळी काचेची भांडी. कपाट जसंच्या तसं होतं. एका काचेला ओरखडासुद्धा नाही.

आणि इथे माझी पंचाईत झाली. कारण साहेब जे बोलत होते ते माझं म्हणणं होतं. अक्षरशः माझं! बूच बाहेर ओढलं जातं, सुटलं की बाहेर जातं. तसं असतं तर आत्ता त्या कपाटाच्या काचांचा लॅबभर चुरा पडला असता. सरांकडे पाहिलं. सर शहाण्या माणसासारखे पाय चोळत बसले होते. पण त्यांना कळलं होतं, आणि मला कळलं हेही त्यांना कळलं होतं.

काय करावं? मी खरी ठरावी तर याडी शेवटी जाते. याडीला वाचवावं तर सर खरे ठरतात. तुम्हाला सांगते, मला एवढा राग आयुष्यात कधी आला नाही, आणि तो कोणावर काढावा हेच समजेना.

"साहेब," मी दात आवळून म्हणाले, "कपाट फुटलं का?"

"नाही."

"मग ते बाहेर नाही गेलं. दोरी त्याला आत ओढून ओढून गोल फिरवत होती. दोरी तुटली, ओढणारं कोणी राहिलं नाही. त्या क्षणाला त्याचं तोंड जिकडं होतं तिकडं ते सरळ निघालं. बूच इथं होतं, तोंड खिडकीकडं होतं. गेलं सरळ याडीकडं." आणि मग, साहेबांना नव्हे, कोपऱ्यात बसलेल्या सरांना उद्देशून म्हणाले, "बल आतच असते. झालं समाधान?"

सरांनी एवढंच म्हटलं, "जर्नलमध्येही लिही." मला त्यांना वॉशर फेकून मारावासा वाटला, आणि त्याच वेळी असं काही मोकळं मोकळं वाटलं की हसूही येत होतं. इतके दिवस अडलेलं खट्‌कन बसलं होतं.

साहेबांना मात्र तोंडी पुरावा चालत नव्हता. "पुन्हा करून दाखवा," ते म्हणाले. बूच मागितलं तर देईनात. ते जप्त. मग फिरवायचं काय? मी खिडकीतून खाली ओरडले, "याडी! बुचाएवढं गोल काही हाय का? दोरीले बांधाचं हाय!"

याडीनं शिदोरी सोडली. "कांदा हाय!"

"फेक!"

"शेवटचा हाय वं! वापस देजो! भाकर राह्यली माही खाची!"

आणि तिनं बंडीवर उभं राहून कांदा असा भिरकावला की तो खिडकीतून येऊन सरांच्या छातीवर आदळला. सर "धन्यवाद" म्हणाले.

कांद्याला आडवी-उभी सुताची दोरी बांधली. दोरी तीच, अस्सल जिल्ह्याची, गाठ मारून जोडलेली. सर फुलीवर. साहेब आधी ऐटीत शेजारी उभे राहिले. कांदा पहिल्यांदा त्यांच्या केसांना हवा घालून गेला, तसे ते टेबलाखाली गेले आणि तिथूनच बघतो म्हणाले. सर फिरवायला लागले. दोरीचा घूं घूं आवाज, कांद्याची सालं उडून लॅबभर, टेबलाखालून शिंका. मी ओरडत होते, "जोरानं सर, जोरानं!" आणि सर, जे खडूला सॉरी म्हणत, ते ओरडत होते, "आत ओढतंय! बघ! आत ओढतंय!"

दोरीनं प्राचार्यांची लाज राखली नाही. तुटली. कांदा खिडकीतून निघाला. कपाटाकडे नाही, मागे नाही. सरळ खिडकीतून, आरपार. टेबलाखालून साहेबांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला.

खाली आधी याडी हसली. रांग हसली. तो हशा भिंतीला वळसा घालून पार रस्त्यापर्यंत गेला.

आम्ही उतरलो. कांदा याडीच्या बंडीत पडला नव्हता. दोघांच्या भांडणात टोपीवाल्या भाऊंची बंडी बरीच पुढे सरकली होती ना, पार याडीच्या बंडीला खेटून. साहेब सावकाश त्यांच्याकडे गेले, बाही वर केली, कापसात कोपरापर्यंत हात घातला आणि कांदा बाहेर काढून वर धरला.

"हे काय हाय?"

टोपीवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी कांद्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं.

"नियम म्हंजे नियम, भाऊ," याडी वरून म्हणाली. अगदी दुःखी चेहरा करून.

"साहेब!" टोपीवाले ओरडले. "हे भेसळ नाही न! हे तं फिजिक्स हाय!"

"म्हंजे?"

"म्हंजे, वरून आलं! पोट्टी बरोबर सांगून राह्यली! दोरी तुटली की सरळ येते! मले तं आधीच समजलं होतं!"

साहेब कोंडीत सापडले. कांदा वरून आला हे त्यांनी पाहिलं होतं. कांदा माफ करायचा तर बूच माफ करावं लागणार, आणि बूच धरायचं तर दोन्ही बंड्या शेवटी घालवाव्या लागणार, आणि मग तेवढ्या भरलेल्या रांगेला तोंड द्यावं लागणार. ते शिंकले. पुन्हा शिंकले. मग खिशातून बूच काढून सरांच्या हातावर ठेवलं. "कॉलेजनं खिडकीले जाळी लावावी," ते म्हणाले. "अन् याडी, घ्या बंडी काट्यावर."

माझ्या जिवात जीव आला. याडीनं बैलांना काय हाक दिली ते मला कळलं नाही, ती तांड्याची बोली होती, पण बैलांना कळली. बंडी काट्यावर गेली, कापूस गंजीवर रिकामा झाला. टोपीवाल्यांचाही नंबर लागला. तेही आज सुटले. आणि सुटल्यापासून जो भेटेल त्याला अभिकेंद्री बल समजावून सांगत होते, सगळं चुकीचं.

प्राचार्यांना संध्याकाळी कळलंच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दोरीचा निकाल दिला: दोरीत दोष नाही, कांदा बाहेरच्या जिल्ह्यातला असावा. सरांची नोकरी मात्र टिकली, कारण खिडकीला लावायची जाळी विणून घ्यायचं काम त्यांच्याकडे आलं. सुताची.

पण ते नंतर. त्या दुपारी मी अजून खालीच उभी होते. याडी रिकामी बंडी घेऊन फाटकातून बाहेर आली आणि माझ्यापाशी थांबली.

"माहा कांदा?"

मी साहेबांकडून आधीच मागून आणला होता. तिनं तो घेतला, कापसाचे तंतू झटकले, बंडीच्या साटीच्या फळीवर ठेवला आणि मुठीचा एक ठोसा घातला. कांदा फुटला. भाकर सोडली. मग म्हणाली, "काय वं, तुले आधी मालूम नव्हतं म्हंतेत, ते आत ओढते म्हणून?"

"नव्हतं."

"अन् सरसंग भांडली म्हंतेत?"

"हो," मी म्हणाले. कोणी सांगितलं होतं कोण जाणे. वर्गातल्या पोट्ट्यांनीच असणार.

"मंग माह्यासाठी हारली का?"

सगळ्या कॉलेजात कोणाच्या लक्षात न आलेली गोष्ट तिनं भाकरीचा तुकडा मोडता मोडता सांगितली होती. तिनं अर्धा कांदा आणि चतकोर भाकर माझ्या हातावर ठेवली. "खाय," ती म्हणाली. "शेवटचा होता, पण खाय." आणि बैल हाकलले. तीन दिवस भिंतीभोवती वळसे घेत पुढे सरकलेली बंडी रस्त्याला लागली आणि तांड्याकडे सरळ निघाली.

मी तिथेच भिंतीला टेकून खाल्लं. सर लंगडत खाली आले, माझ्याकडे पाहिलं आणि घाबरून खिशातला रुमाल काढून पुढे केला.

"रडत नाहीये मी," मी म्हणाले. "कांदा आहे."

"बरोबर," सर म्हणाले, आणि रुमाल तसाच धरून उभे राहिले.